ब्रेन हॅमरेजनंतर पेशंट वाचेल का, किती सुधारेल? घरच्यांनी अंदाज कसा घ्यायचा

"७२ तास काही सांगता येत नाही." आयसीयूच्या बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या प्रत्येकाने हे वाक्य ऐकलेलं असतं. डॉक्टर टाळतायत असं वाटतं पण तसं नसतं, सुरुवातीचे तास खरंच बेभरवशाचे असतात. तरी काहीच सांगता येत नाही असंही नाही, पहिल्या सीटी स्कॅनमधून आणि पेशंटच्या शुद्धीवरून बऱ्यापैकी अंदाज येतो, फक्त तो कसा काढायचा आणि त्याच्यावर किती विश्वास ठेवायचा हे माहीत पाहिजे.

मी न्यूरो फिजिओ आहे, डॉक्टर नाही. पेशंट माझ्यापर्यंत येतो तो सगळ्यात शेवटी पण रिपोर्टचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पहिल्याच रात्री येतात, "ताई बघा ना काय वाटतंय" म्हणून. त्या सगळ्यांना जे सांगते तेच इथे लिहितेय. हे वाचून उपचार ठरवायचे नाहीत, डॉक्टरांना नीट प्रश्न विचारता यावेत एवढ्यासाठीच हे आहे.

आधी एक गोष्ट नक्की करून घ्या. पॅरालिसिसचा झटका दोन प्रकारचा असतो, एकात रक्तवाहिनी ब्लॉक होते, दुसऱ्यात फुटते. आपण फुटण्याबद्दल बोलतोय, आणि त्यातही मेंदूच्या आत रक्त साचतं त्याबद्दल, ज्याचं आपल्याकडचं नेहमीचं कारण म्हणजे वर्षानुवर्षं वाढलेलं आणि "मला काही त्रास होत नाही" म्हणत गोळी न घेतलेलं बीपी. मेंदूच्या बाहेरच्या आवरणाखाली, रक्तवाहिनीवरचा फुगा फुटून रक्तस्राव होतो तो प्रकार वेगळा, त्याचं शेवटी थोडक्यात सांगते.

काय काय माहिती जमवायची

पहिल्या सीटीचा रिपोर्ट आणि त्याच्यावरची वेळ. त्रास कधी सुरू झाला ती वेळ (किंवा पेशंट शेवटचा ठीक कधी दिसला ती). हॉस्पिटलला आणलं तेव्हाचा जीसीएस. खरं वय, आधार कार्डावरचं १ जानेवारीवालं नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू होत्या का. आणि झटक्याच्या आधी माणूस कसा होता, स्वतः भाजी आणायला जायचा, का घरातल्या घरात धरून चालायचा, विसरायला व्हायचं का. हे शेवटचं घरच्यांनाच माहीत असतं आणि कुणी विचारलं नाही तर कुणी सांगत पण नाही, म्हणून स्वतःहून सांगा.

जीसीएस म्हणजे काय

ग्लासगो कोमा स्केल, शुद्ध किती आहे त्याचे मार्क. डोळ्यांचे ४, बोलण्याचे ५, हालचालीचे ६, असे एकूण १५. कमीत कमी ३, शून्य नसतं. म्हणजे "१५ पैकी ३ मिळाले" ऐकून काहीतरी मिळालंय असं वाटतं पण ३ म्हणजे तळ. डोळे आपणहून उघडे असले तर ४, हाक मारल्यावर उघडले तर ३, दुखवल्यावर उघडले तर २. बोलण्यात नीट उत्तर दिलं तर ५, गोंधळलेलं असेल तर ४, नुसतं कण्हणं असेल तर २. हालचालीत सांगितलेलं ऐकून हात वर केला तर ६, दुखवलं तिथे हात नेऊन ढकलायला बघितलं तर ५, नुसता हात ओढून घेतला तर ४, त्याच्या खाली हात विचित्र वाकवणं किंवा ताठ करणं आलं की काळजीचं.

यातला हालचालीचा आकडा सगळ्यात कामाचा, कारण नळी घातली की बोलण्याचे मार्क देता येत नाहीत, तिथे फाईलवर "टी" लिहितात. आणि झोपेचं औषध चालू असेल तर सगळाच स्कोअर खोटा असतो. व्हेंटिलेटरवर गुंगीत ठेवलेल्या पेशंटचा जीसीएस ३ ऐकून घरात रडारड झालेली मी बघितलीय. म्हणून विचारायचं, "हा औषध देण्याच्या आधीचा आहे का नंतरचा?" हा एक प्रश्न लक्षात ठेवा बाकी सगळं विसरलात तरी चालेल. अजून एक, डाव्या बाजूच्या रक्तस्रावात बऱ्याचदा बोलणं गेलेलं असतं, माणूस पूर्ण शुद्धीत असून उत्तर देत नाही, तिथेही मार्क उगाच कमी होतात.

रक्त किती साचलंय

रिपोर्टमध्ये तीन मापं असतात, समजा ५ गुणिले ४ गुणिले ३ सेंटीमीटर. तिन्हींचा गुणाकार करायचा आणि निम्मा करायचा, झालं. ६० चे निम्मे ३०, म्हणजे ३० मिली. खरं तर डॉक्टर स्कॅनच्या चकत्या मोजून तिसरं माप काढतात आणि कडेच्या बारीक चकत्या अर्ध्या धरतात किंवा सोडून देतात, पण घरच्या हिशोबाला एवढं पुरे. ३० मिली म्हणजे खोकल्याच्या औषधाचे सहा छोटे चमचे. एवढंसंच, पण कवटीत जागाच नसते ना. ३० च्या आत, ३० ते ६०, आणि ६० च्या वर असे तीन गट डोक्यात ठेवा. १९९३ च्या एका जुन्या अमेरिकन अभ्यासात ६० मिली किंवा जास्त रक्त आणि जीसीएस ८ किंवा कमी असे दोन्ही असलेल्यांपैकी ९१ टक्के महिन्याभरात गेले, आणि ३० च्या आत रक्त आणि जीसीएस ९ किंवा जास्त होता त्यांच्यातले १९ टक्के. रक्त आणि शुद्ध, या दोनच गोष्टींवर एवढा फरक पडला.

कुठे साचलंय

आपल्याकडच्या रिपोर्टमध्ये सारखं दिसणारं म्हणजे "गँग्लिओकॅप्स्युलर ब्लीड". मेंदूच्या खोल भागातला, बीपीवाल्यांचा ठरलेला. तिथूनच हातापायाच्या तारा जातात म्हणून एक बाजू जाते. थॅलॅमसमध्ये, म्हणजे मेंदूच्या मधोमध खोलवर असेल तर पेशंट दिवसेंदिवस झोपाळलेला राहतो आणि घरच्यांना वाटतं कोमात गेला. लोबार म्हणजे वरच्या भागात, पृष्ठभागाजवळ, हा त्यातल्या त्यात बरा होतो पण वयस्कर माणसात परत व्हायची भीती जास्त. ब्रेनस्टेममध्ये, म्हणजे मेंदूच्या देठात, त्यातही पॉन्स या भागात असेल तर थोडंसं रक्तही जड जातं. सेरेबेलम, म्हणजे मागचा लहान मेंदू, इथे मात्र घाई करायची, तिथलं रक्त १५ मिलीच्या वर गेलं किंवा पेशंट गुंगीत जायला लागला तर ऑपरेशनने जीव वाचतो, आणि असे पेशंट पुढे चालताना मी बघितलेत, त्यामुळे न्यूरोसर्जन नसलेल्या ठिकाणी थांबू नका.

"इंट्राव्हेंट्रिक्युलर एक्स्टेन्शन" लिहिलं असेल तर रक्त मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांमध्ये उतरलंय. हे चांगलं नाही. पाणी तुंबलं तर हायड्रोसेफॅलस होतो आणि डोक्यातून नळी टाकून ते बाहेर काढावं लागतं.

आता हिशोब

डॉक्टर लोक वापरतात तो आयसीएच स्कोअर, २००१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉक्टरांनी काढलेला. जीसीएस ३ किंवा ४ असेल तर २ मार्क, ५ ते १२ असेल तर १, १३ किंवा जास्त असेल तर शून्य. रक्त ३० मिली किंवा जास्त असेल तर १. पोकळीत उतरलं असेल तर १. ब्रेनस्टेम किंवा लहान मेंदूत असेल तर १. वय ८० किंवा जास्त असेल तर १. इथे मार्क जास्त म्हणजे वाईट. त्यांच्या पेशंटमध्ये महिन्याभरात जाणाऱ्यांचं प्रमाण असं होतं: स्कोअर ० वाल्यांत कुणीच नाही, १ वाल्यांत १३ टक्के, २ ला २६, ३ ला ७२, ४ ला ९७ आणि ५ ला सगळेच.

आकडे बघून छातीत धस्स होतं. म्हणून एक उदाहरण करून बघू. ६२ वर्षांचे काका, डावा गँग्लिओकॅप्स्युलर ब्लीड, मापं ५, ४, ३, जीसीएस १०, रक्त पोकळीत उतरलेलं. शुद्धीचा १, रक्ताचा १, पोकळीचा १. झाले ३. म्हणजे ७२ टक्के. आता त्याच काकांच्या स्कॅनमध्ये तिसरं माप ३ च्या ऐवजी २.९ लिहिलं असतं तर? रक्त २९ मिली, एक मार्क कमी, स्कोअर २, आणि ७२ चे झाले २६ टक्के. माणूस तोच, मेंदू तोच, फरक फक्त मोजणाऱ्याने पट्टी कुठे धरली त्या एका मिलीमीटरचा! स्कोअर चुकीचा आहे असं मी म्हणत नाहीये, डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला आणि केस किती गंभीर आहे हे कळायला तो उत्तम आहे, पण तो टप्प्याटप्प्याने उडी मारतो आणि तुमचा माणूस नेमका उडीच्या कडेवर असू शकतो.

दुसरी गोष्ट, तो स्कोअर १५२ पेशंटवरून काढलाय, फक्त १५२. आणि तिसरी जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: असे आकडे ज्या हॉस्पिटलांतून येतात तिथे बऱ्याच पेशंटचे उपचार मध्येच थांबवलेले असतात, "आता काही उपयोग नाही" म्हणून. उपचार थांबवले की पेशंट जातो, पेशंट गेला की आकडा वाढतो, आणि तो आकडा बघून पुढच्या पेशंटचे उपचार थांबवतात. अमेरिकेतल्या डॉक्टरांनीच हे २००१ मध्ये लिहून ठेवलंय. आपल्याकडे याचंच नाव डामा. सही करून घरी नेणं. बऱ्याचदा कारण पैशाचं असतं पण बोलताना "काही होप नाही म्हणाले" असं सांगितलं जातं. अमेरिकेच्या २०२२ च्या गाइडलाइनमध्ये स्पष्ट आहे की आधीपासून काही ठरलेलं नसेल तर उपचार मर्यादित करायचा निर्णय कमीत कमी ॲडमिशनचा दुसरा पूर्ण दिवस होईपर्यंत घेऊ नये. म्हणून पहिल्या रात्री कुठल्याच कागदावर घाईने सही करू नका, आणि अडचण पैशाचीच असेल तर ती स्पष्ट बोला, महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या डेस्कवरच्या आरोग्यमित्राला रेशन कार्ड घेऊन लगेच भेटा, हे हॉस्पिटल योजनेत नसेल तर कुठलं आहे ते विचारा.

पहिले दोन दिवस काय बघायचं

पहिला स्कॅन म्हणजे एक फोटो. रक्तस्राव नंतरही चालू असू शकतो, साधारण तिघांमागे एकाचं रक्त पहिल्या दिवसात वाढतं, आणि झटक्यानंतर जितक्या लवकर स्कॅन झालाय तितकी वाढायची शक्यता जास्त. म्हणजे तासाभरात आणलेल्या पेशंटचा "छोटासा क्लॉट आहे" हा रिपोर्ट ऐकून निर्धास्त व्हायचं नाही, आणि दहा तासांनी झालेल्या स्कॅनमध्ये तेवढंच रक्त असेल तर ते जरा जास्त भरवशाचं. वॉर्फरिनसारखी गोळी चालू असेल तर वाढ जास्त वेळ चालू राहू शकते, त्याचा उतारा देता येतो, म्हणून गोळ्यांची पाकिटं घरातून उचलून आणा. दुसरा स्कॅन कधी आहे ते विचारा, आणि पहिल्याच्या शेजारी ठेवून काय फरक दिसतोय ते विचारा. माझ्या मते एका आकड्यापेक्षा आलेख कुठे चाललाय हे शंभर पट जास्त सांगतं. काल एम ४ (म्हणजे हालचालीचे ४ मार्क) होता आज एम ५ झाला, चांगलं. काल हाक मारल्यावर बघत होते आज फक्त चिमटा काढल्यावर, वाईट, लगेच सिस्टरना सांगा.

उपचाराने फरक पडतो का? पडतो. २०२३ मध्ये दहा देशांतल्या, भारत धरून, सात हजारांवर पेशंटचा अभ्यास आला, त्यात नवीन भारी औषध काही नव्हतं, वरचं बीपी तासाभरात १४० च्या खाली आणायचा प्रयत्न, साखर ताब्यात, ताप उतरवणं आणि रक्त पातळ असेल तर उतारा, एवढंच एकत्र आणि वेळेत केलं, आणि सहा महिन्यांनी लोकांची अवस्था बरी निघाली. त्यामुळे "बीपी किती आहे, साखर किती, ताप आहे का" हे तीन रोज विचारा.

तिसऱ्या दिवसापासून

रक्ताभोवतीची सूज पहिले काही दिवस वाढत जाते, त्यामुळे चौथ्या-पाचव्या दिवशी पेशंट जास्त झोपाळला तर दरवेळी नवीन रक्तस्राव असेलच असं नाही, पण स्कॅनशिवाय कळत नाही. या काळात जाणारे बरेच लोक मेंदूमुळे जात नाहीत, न्यूमोनियाने, पायात झालेल्या रक्ताच्या गाठीने, इन्फेक्शनने जातात. आणि न्यूमोनियाचं एक कारण म्हणजे आपण! नातेवाईक भेटायच्या वेळेत आत जाऊन चमच्याने नारळपाणी पाजतात, "दोन घोट घेतले हो". गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय तोंडातून काही म्हणजे काही नाही, तीर्थ पण नाही. ते सरळ फुप्फुसात जातं. ट्रॅक करूया म्हणाले, म्हणजे गळ्याला छिद्र पाडून नळी, तर घाबरू नका, ती बहुतेक वेळा पुढे काढता येते.

वाचेल, पण कसा?

हा वेगळा प्रश्न आहे आणि वेगळाच विचारायला पाहिजे. यासाठी फंक स्कोअर नावाचा दुसरा हिशोब आहे, २००८ चा, बॉस्टनचा. तीन महिन्यांनी माणूस स्वतःचं स्वतः करू शकेल का हे तो सांगतो, आणि इथे मार्क जास्त म्हणजे चांगलं, एकूण ११. रक्त ३० च्या आत असेल तर ४, ३० ते ६० ला २, त्यावर शून्य. वय ७० च्या आत २, सत्तरीत १, ८० पासून शून्य. लोबार २, खोल भागात १, खालच्या मागच्या भागात (ब्रेनस्टेम, लहान मेंदू) शून्य. जीसीएस ९ किंवा वर असेल तर २. आधीपासून विसराळूपणाचा आजार नसेल तर १. ४ किंवा कमी मार्क असलेल्यांत कुणीच स्वतंत्र झालं नाही, ५ ते ७ वाल्यांत फार तर २० टक्के, ८ ला २१ ते ६०, ९ आणि १० ला ६१ ते ८०, आणि ११ ला ८० च्या वर.

आता आपले मघाचे काका. रक्ताचे २, वयाचे २, जागेचा १, शुद्धीचे २, स्मरणशक्तीचा १. झाले ८. म्हणजे एका स्कोअरने ७२ टक्के जाणार म्हटलं त्याच माणसाला दुसरा स्कोअर सांगतोय की पायावर उभं राहायची बरी शक्यता आहे. आणि २९ मिली धरलं तर १०! दोन्ही हिशोब घाला, दोन्ही वाईट सांगत असतील तर मनाची तयारी करा, वेगळं सांगत असतील तर थांबा आणि आलेख बघा.

सुधारणेचं कॅलेंडर साधारण असं असतं. पहिले तीन महिने वेग जास्त, सहा महिन्यांपर्यंत बऱ्यापैकी, पुढे हळू पण थांबत नाही. रक्तवाहिनी ब्लॉक झालेल्यांपेक्षा हॅमरेजवाले सुरुवातीला जास्त वाईट दिसतात आणि नंतर जास्त भरून काढतात, कारण काही भाग मेलेला नसतो, रक्ताच्या आणि सुजेच्या दाबाखाली बंद पडलेला असतो. हॅमरेजच्या दोन मोठ्या ट्रायलमधल्या पेशंटचा नंतर हिशोब केला तेव्हा महिन्याभरानंतर अंथरुणावर किंवा दुसऱ्यावर अवलंबून असलेल्यांपैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास लोक वर्षाने आधाराशिवाय चालण्याइतपत झाले होते. म्हणून महिन्याच्या आत "हे आता असेच राहणार" असं कुणी म्हटलं तर मी तरी मान डोलावणार नाही. पाय आधी येतो, हात मागे राहतो, आणि बोटांची बारीक कामं सगळ्यात शेवटी, काही वेळा येतच नाहीत. पहिल्या महिन्यात बोटं थोडी तरी उघडत असतील तर हात कामाला येण्याची आशा चांगली. बोलणं वर्षभर सुधारत राहतं. उजव्या मेंदूत झालेल्यांना डाव्या बाजूचं भानच नसतं, ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते, हे हट्टीपणा समजू नका. आणि फिजिओ लवकर सुरू होतो का, बेडसोर टाळले जातात का, माणूस निराश होऊन भिंतीकडे तोंड करून पडतो का, यावर खूप अवलंबून आहे आणि यातलं काहीच पहिल्या दिवशीच्या स्कोअरमध्ये नसतं.

राऊंडला डॉक्टर दोन मिनिटं भेटतात, तेव्हा "कसे आहेत" असं विचारलं की "आहेत तसेच आहेत" एवढंच मिळतं. त्यापेक्षा एकाच माणसाने, रोज त्याच माणसाने, कागदावर लिहून हे विचारा: हालचालीचे मार्क कालच्यापेक्षा वर का खाली, दुसऱ्या स्कॅनमध्ये रक्त वाढलं का, पाणी तुंबलंय का, ऑपरेशनने जीव वाचेल का अवस्थाही सुधारेल (या दोन गोष्टी एक नाहीत), आणि तुमच्या अनुभवाने सगळ्यात चांगलं आणि सगळ्यात वाईट काय होऊ शकतं. शेवटच्या प्रश्नाला डॉक्टर मोकळं बोलतात.

बाहेरच्या आवरणाखालचा रक्तस्राव, सबअ‍ॅरॅक्नॉइड म्हणतात तो, "आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी" ने सुरू होतो. त्याला वरचे स्कोअर लावू नका. तिथे पहिल्या २४ तासांत परत फुटण्याची भीती, म्हणून तो फुगा क्लिप किंवा कॉइलने लवकर बंद करायचा, आणि मग चौथ्या ते चौदाव्या दिवसात रक्तवाहिन्या आकसण्याची भीती, त्यामुळे पेशंट उठून बोलत असला तरी दोन आठवडे सुटलो असं समजायचं नाही, निमोडिपिन हे औषध २१ दिवस नियमित द्यायचं.

घरी आल्यावर पुढच्या वर्षांचा अंदाज मुख्यतः बीपीवर ठरतो, १३० आणि ८० च्या आत ठेवायचा प्रयत्न, घरात मशीन घ्या आणि वहीत लिहा. स्टेंट किंवा झडपेमुळे ॲस्पिरिन, वॉर्फरिन बंद केलं असेल तर ते परत कधी सुरू करायचं हे हृदयवाले आणि मेंदूवाले डॉक्टर यांना एकमेकांशी फोनवर बोलायला लावा, एकाने चालू करा आणि दुसऱ्याने बंद करा असं प्रिस्क्रिप्शन घेऊन मेडिकलवाल्याला विचारत बसू नका.